पुराआधीची होडी



कामानिमित्त बेलापूरला जाणे झाले, तेव्हा शेजारच्या दिवाळे गावात घटकाभर थांबलो. नवी मुंबईच्या उंच इमारतींच्या पायथ्याशी, खाडीकाठी वसलेले हे कोळ्यांचे गाव. पावसाळ्याचे दिवस म्हणून होड्या काठाला ओढून ठेवलेल्या. त्या पाहताना आम्हांला समुद्र आठवला नाही, आठवला तो २०१९ सालचा आपला कृष्णाकाठ.

त्या ऑगस्टात सांगलीला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे होडी उलटली आणि जीव वाचवायला निघालेली माणसेच बुडाली. होडीत पेलवतील त्यापेक्षा जास्त माणसे बसली होती. पण बसू नका असे सांगणार कोण? दुसरी होडी केव्हा येईल याचा भरवसा कुणालाच नव्हता. आमच्या मते खरे दुखणे इथेच आहे.

आता केरळचे पाहा. आदल्याच वर्षी, ऑगस्ट २०१८ मध्ये, तिथे महापूर आला आणि चारशेंवर माणसे दगावली. त्या वेळी किनाऱ्यावरचे मच्छीमार आपल्या होड्या ट्रकवर चढवून पुराच्या गावांत गेले. सुमारे साडेचार हजार मच्छीमार आणि साडेसहाशेंवर होड्या. त्यांनी ६५ हजारांच्या आसपास माणसे बाहेर काढली, असा हिशेब सांगितला जातो. त्यांत ख्रिस्ती होते, मुसलमान होते, हिंदूही होते. तिरुवनंतपुरमच्या बाजूला होड्या जमवण्याच्या कामी चर्चचा मोठा हात होता. किनाऱ्यावर गावोगाव चर्च, आणि तिथल्या धर्मगुरूला कुणाची होडी कुठे आहे हे ठाऊक. त्यामुळे निरोप गेला आणि माणसे निघाली.

मदतकार्यात चर्चच्या संस्था नव्या नाहीत. फाळणीच्या निर्वासितांसाठी १९४७ साली सुरू झालेली ‘कासा’ आणि कॅथलिकांची ‘कॅरितास इंडिया’ या संस्था देशभर पूर, भूकंप, वादळात काम करीत आल्या आहेत. काही सभासद म्हणतील, त्यांच्या मदतीमागे धर्माचा हेतू असतो. शंका घ्यायला हरकत नाही. मदत कुणाचीही असो, ती अटीविना असावी हे आम्हीही मानतो. पण छपरावर अडकलेला माणूस होडीवाल्याला धर्म विचारीत नाही आणि होडीवालाही त्याला विचारीत नाही. मिरजेचे वानलेस मिशन हॉस्पिटल १८९४ पासून आपल्या भागात उभे आहे. आपल्या आजा-पणजांनी तिथे औषध घेतले, म्हणून कुणाचा देव बदलला नाही. तेव्हा हेतूचा वाद बाजूला ठेवून, त्यांची घडी कशी बसली आहे तेवढे पाहू या.

ही घडी आपल्याकडे नाही काय? आहे, आणि त्याहून पक्की आहे. गट ऑफिस आहे. चिटबॉयला प्रत्येक घर, प्रत्येक बांध माहीत आहे. सभासदांचे रजिस्टर आहे. ऊस वाहतुकीचे ट्रॅक्टर-ट्रेलर ऐन पावसाळ्यात मोकळे उभे असतात. कारखान्याकडे गोडाऊन आहे, क्रेन आहे. नाही ती फक्त आधीची तयारी.

२०१९ ला मदत कमी आली नव्हती. पण ट्रक हमरस्त्यावरच्या गावांत रिकामे झाले. आतल्या वस्त्यांपर्यंत पोचले ते जुने कपडे, आणि तेही ढिगाने. यादी नसली की असेच होते.

म्हणून आमचे म्हणणे असे. मे महिन्यातच प्रत्येक गटाने पूररेषेतल्या घरांची यादी करावी. म्हातारी माणसे, बाळंतिणी, आजारी, आणि जनावरे किती, हे सारे त्यात यावे. दिवाळ्यासारख्या कोळीवाड्यांतील मच्छीमार सोसायट्यांशी कारखान्याने पावसाळ्याआधी बोलणी करावीत. होडी आणि तांडेल त्यांचे, ने-आण, डिझेल आणि होडीच्या नुकसानीची भरपाई आपली. मात्र खाडीचे पाणी वेगळे आणि पुराचे वेगळे. पुरात विहिरीचा काठ दिसत नाही, विजेच्या तारा हाताला लागतात, पंख्यात पाचट अडकते. म्हणून प्रत्येक होडीत आपल्या गावचा एक जाणता माणूस हवाच. गावातल्या पोरांना होडीचे शिक्षण आणि लाइफ जॅकेट द्यावे. आणि होडीत किती माणसे बसतील तो आकडा होडीवरच रंगवून टाकावा.

उसाचेही तसेच. शेंडा पाण्याखाली राहिला की पोंगा कुजतो, कांडीवरचे डोळे फुटतात, आणि पूर ओसरल्यावर बेण्याला तोटा पडतो. उंचावरच्या गटांनी बेणेमळा राखला, तर नदीकाठच्या भावाला बेणे विकत शोधीत हिंडावे लागणार नाही. धान्याचे पाकीट आठ दिवस पुरते. बेणे पुढचे वर्ष उभे करते.

२००५, २०१९, २०२१. पूर आता पाहुणा राहिलेला नाही. येत्या वार्षिक सभेत उसाच्या दरावर बोलाल तेव्हा होडीवरही दोन शब्द बोला. दर कमी मिळाला तर पुढच्या हंगामात भांडता येते. ब्रह्मनाळच्या माणसांना पुढचा हंगाम मिळाला नाही.