दोष मालाचा की लाळेचा?

मा. संपादक,

दातांच्या रंगाचे ‘सिमेंट’ हलक्या मालामुळे निखळते आणि भरताना लाळ लागलीच तर ती पुसली की भागते, ही आपल्या लेखातील दोन्ही विधाने दिशाभूल करणारी आहेत. हे ‘सिमेंट’, म्हणजे कंपोझिट, दाताला आपोआप चिकटत नाही; दंतसंशोधक मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये दाखवल्याप्रमाणे दंतवल्कावर, म्हणजे दाताच्या कठीण बाह्य आवरणावर, फॉस्फोरिक आम्ल लावून सूक्ष्म छिद्रे पाडावी लागतात, आणि त्यांत शिरलेली पातळ राळ घट्ट झाली तरच पकड मिळते. आम्ल धुऊन दात वाळवल्यावर तो भाग खडूसारखा पांढरा दिसतो. नेमकी तेव्हाच लाळ लागली तर तिच्यातील प्रथिनांचा थर छिद्रे बुजवतो व तो नुसत्या पुसण्याने किंवा हवेच्या फवाऱ्याने जात नाही, म्हणून पुन्हा आम्ल लावणे हाच सुरक्षित मार्ग ठरतो. लाळ दूर ठेवणारा रबर डॅम, म्हणजे दाताभोवती ताणून बसवायचा रबरी पडदा, १८६४ पासून उपलब्ध आहे. त्याचा लेखात उल्लेखही नसावा, ही गंभीर उणीव होय. जेथे दात कोरडा राखणे अशक्य, तेथे ओलावा तुलनेने अधिक सोसणारे ग्लास आयोनोमर हे दात भरण्याचे दुसरे साहित्य वापरता येते. हडपसरसारख्या उपनगरांतील छोट्या दवाखान्यांवर हलक्या मालाचा ठपका ठेवण्यापूर्वी लेखकाने एवढी चौकशी करणे आवश्यक होते. खुलासा प्रसिद्ध व्हावा.

– एक वाचक, हडपसर, पुणे