घरांतील यंत्रें : वाय-फाय दिसेना, तर?

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसवून तो पुन्हां कामास लावणें ही गृहस्थाला शोभणारी काटकसर आहे. मुलांचे परीक्षेचे व शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्यास दहा वर्षांपूर्वींचें यंत्रही पुरतें, आणि लिनक्सला मोल पडत नाहीं. परंतु पुष्कळदां पहिल्याच दिवशीं वाय-फाय दिसत नाहीं, किंवा दिसलें तरी गोगलगाईच्या गतीनें चालतें. मग "यंत्रच गेलें" असा निकाल घरांत दिला जातो. नेकनूरसारख्या गांवीं हा निकाल महागांत पडतो. यंत्र घेऊन बीड गांठण्यांत दिवस मोडतो, आणि अर्जाची मुदत कोणासाठीं थांबत नाहीं. म्हणून या महिन्यांत निकालाऐवजीं निदानाचा विचार करूं.

आपल्या नैयायिकांनीं निदानाची रीत फार पूर्वीं सांगून ठेविली आहे. कारण असतां कार्य असणें हा अन्वय. कारण नसतां कार्य नसणें हा व्यतिरेक. दोन्ही जुळले म्हणजेच कार्यकारणसंबंध मानावा. व्यवहारांत याचा अर्थ इतकाच, कीं एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहावा. सगळेंच एकदम हालविलें, तर दोष गेला तरी कशानें गेला हें कळत नाहीं, आणि तो परत आला म्हणजे आपण पुन्हां अंधारांतच.

प्रथम त्याच जागीं फोन धरून पाहावा. फोनलाही वाय-फाय मिळत नसेल, तर लॅपटॉपला दोष न देतां राउटरकडे जावें. फोनला मिळतें व लॅपटॉपला नाहीं, असें असेल, तर टर्मिनल उघडून रोमन अक्षरांत 'आरएफकिल लिस्ट' ही आज्ञा द्यावी. 'हार्ड ब्लॉक्ड'पुढें 'येस' आलें, तर यंत्रावरील वाय-फायची कळ बंद आहे. 'सॉफ्ट ब्लॉक्ड'पुढें आलें, तर 'आरएफकिल अनब्लॉक वायफाय' एवढ्यानें कुलूप उघडतें.

कुलूप नसूनही कांहीं दिसत नसेल, तर 'एलएसपीसीआय' लिहून, एक जागा सोडून, आडवी रेघ व 'के' हें अक्षर लिहावें. यादींत 'नेटवर्क कंट्रोलर' शोधावा. त्याच्याखालीं 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ नसेल, तर रथ आहे, पण सारथि नाहीं, असें समजावें. ब्रॉडकॉम कंपनीनें आपल्या नव्या कार्डांसाठीं खुला ड्रायव्हर २०१० सालीं दिला. त्यापूर्वींच्या कित्येक कार्डांसाठीं तो निराळा आणावा लागतो. पण ड्रायव्हर आणण्यास इंटरनेट हवें, आणि इंटरनेटला ड्रायव्हर हवा! हा अन्योन्याश्रय फोनची केबल तोडते. फोन केबलनें जोडून त्यांत 'यूएसबी टेदरिंग' चालू केलें, कीं लिनक्स त्याला तारेचें जाळें समजतें, आणि हवें तें उतरवून घेतां येतें.

जाळें दिसतें पण मंद आहे, या तक्रारीचें मूळ बहुधा घरांतच असतें. आमच्याकडील माळवदाच्या घरांच्या हातहात जाड भिंती या लहरींना गिळतात, आणि पत्र्याचें छप्पर त्यांना परतवितें. म्हणून राउटर कोनाड्यांत न ठेवतां उंच व मोकळ्या जागीं ठेवावा. दुसरें कारण गर्दीचें. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्या देशांत २००५ पासून परवान्यावांचून खुला आहे. त्यांत शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह भट्टीही येते. लहरींचा हा गोंगाट टाळण्याचा विचार करूनच जुन्नर तालुक्यांत खोडदजवळ ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांच्या रेडिओ-दुर्बिणीस जागा निवडली गेली. आपल्याला एवढें दूर जावयास नको. 'एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय लिस्ट' या आज्ञेनें कोणत्या चॅनेलवर किती गर्दी आहे हें दिसतें. मग राउटर १, ६ किंवा ११ यांपैकीं मोकळ्या चॅनेलवर ठेवावा.

तिसरें कारण वीज वांचविण्यासाठीं कार्डानें घेतलेली डुलकी. 'आयडब्ल्यू डेव्ह', कार्डाचें नांव, आणि 'सेट पॉवर_सेव्ह ऑफ' अशी आज्ञा, आरंभीं 'सुडो' लावून, द्यावी. वेग वाढला, तर 'ऑन' करून तो पुन्हां घटतो कीं काय, तेंही पाहावें. अन्वय व व्यतिरेक दोन्ही जुळले, कीं दोषी सांपडला.

इतक्यानेंही भागलें नाहीं, तर दोषाची हद्द ठरवावी. 'आयपी राउट' या आज्ञेनें 'डिफॉल्ट'पुढें राउटरचा पत्ता मिळतो. त्यावर 'पिंग' करावें. उत्तरें विलंबानें आलीं, तर दोष घरांतील लहरींत. तेथून त्वरित, पण '८.८.८.८' या बाहेरच्या पत्त्यावरून विलंबानें, तर इंटरनेट पुरविणाऱ्याकडे तक्रार करावी. दोन्हीकडून उत्तर येतें, पण संकेतस्थळाचें नांव लिहिलें तर उघडत नाहीं, असें झालें तर नांवांचा अंकांत उलगडा करणारी डीएनएस ही व्यवस्था बिघडली आहे.

ज्यांना या आज्ञा अपरिचित वाटतात, त्यांच्यासाठीं आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पांत लिनक्सचे मराठी धडे मोफत आहेत. घरांतील मुलामुलींनीं ते पाहावे, आणि केलेला प्रत्येक प्रयोग, तो फसला तरी, वहींत टिपून ठेवावा. पुढील खेपेस तीच वही वैद्य होईल, आणि नव्या यंत्राचे पैसे मुलांच्या पुस्तकांस उरतील.