यंत्राची निगा : ऑइलचे ताक झाले तर



अँबॅसडर गाडीचे उत्पादन 2014 साली थांबले, पण खेड्यापाड्यांतून वडिलांच्या वेळची एखादी तरी अजून गोठ्याशेजारी उभी दिसते. माझ्या मेहुण्यांकडे अशीच एक आहे, जुन्या 1489 सी.सी. पेट्रोल इंजिनाची. बहिणीला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी 35 किलोमीटरवर तालुक्याला न्यावे लागते, म्हणून ती हौसेची वस्तू राहिलेली नाही.

उन्हाळ्यात रस्त्यातच गाडी तापली. फॅनबेल्ट सैल होता. भाच्याने घाईघाईने तापल्या इंजिनात कॅनमधले गार पाणी ओतले. तापलेला तवा पाण्यात घातल्यावर जे होते तेच बिडाच्या हेडचे होते! तालुक्यातल्या एका गॅरेजात नुसते गॅस्केट बदलून दिले. आठव्या दिवशी पुन्हा तेच, आणि बहीण दुधाच्या टेम्पोत बसून दवाखान्यात गेली. मग मिस्त्री म्हणाला, इंजिनच गेले, भंगारात घाला.

तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. आधी ऑइलची पट्टी ओढून पाहा. ऑइल ताकासारखे पांढुरके झाले असेल, रेडिएटरचे पाणी रोज कमी होत असेल, इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर संशय हेड-गॅस्केटवर घ्यावा. गार इंजिनावर झाकण काढून गाडी चालू करावी. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले तर सिलिंडरचा वायू पाण्यात शिरतो आहे. तापलेल्या गाडीचे झाकण मात्र कधीही उघडू नये. तोंड भाजलेली माणसे मी पाहिली आहेत.

हेड उतरवण्यापूर्वी बॅटरीची तार सोडा आणि पाणी पूर्ण काढा. इथे एक खोच आहे. या इंजिनात रॉकरच्या दांड्याचे चार नट हेडलाही धरून असतात. नुसता रॉकर काढायचा म्हणून तेवढेच चार सोडले, तर हेड एका बाजूने ओढले जाऊन वाकते आणि पाणी सिलिंडरात उतरते. म्हणून अकराही नट थोडेथोडे, फिरून फिरून सैल करावेत. आठ पुशरॉड निघतील तशा पुठ्ठ्याला भोके पाडून क्रमाने खोचा. ज्या जागेची ती त्याच जागी परत गेली पाहिजे. हेड चिकटून बसले तर सांध्यात स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. पुशरॉड निघाल्यावर प्लग परत लावून हँडल मारा, आतल्या दाबानेच ते सुटते.

आमचे हेड काढले तेव्हा दुसऱ्या सिलिंडरच्या दोन व्हॉल्व्हच्या मध्ये केसाएवढी चीर दिसली. असल्या हेडवर दहा गॅस्केटे घातली तरी काय उपयोग? जुने हेड मिळवावे लागले. तेही डोळे झाकून घेतले नाही. वर्कशॉपमध्ये दाबाखाली पाणी भरून तपासले, पृष्ठभाग ग्राइंडिंग करून सपाट केला, व्हॉल्व्ह घासून बसवले. ब्लॉकवरही सरळ पट्टी उभी-आडवी ठेवून फीलर गेज सरकवून पाहिला. तो ठीक निघाला, हे नशीब.

जुने गॅस्केट खरवडताना सांभाळा. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकते; त्याची धूळ फुप्फुसाला घातक. कोरडे घासू नये, ओले करून काढावे, फुंकर मारू नये, आणि पोराबाळांना लांब ठेवावे. सिलिंडरच्या तोंडात कापडाचे बोळे घाला, नाहीतर कचरा खाली जाईल.

नव्या गॅस्केटवर वरची बाजू आणि पुढची बाजू छापलेली असते, ती वाचूनच ठेवा. नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, तीन फेऱ्यांत आवळावेत. टॉर्क पाना उसना आणा, पण आणाच; माप गाडीच्या पुस्तिकेत आहे. हाताच्या अंदाजाने आवळणारे आपल्याकडे फार.

व्हॉल्व्हची फट लावताना नऊचा हिशेब लक्षात ठेवा. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना पहिला लावायचा, सहावा दाबलेला असताना तिसरा. बेरीज नेहमी नऊ. नंतर ताक झालेले ऑइल व फिल्टर बदला, आणि थोडे चालवून ऑइल पुन्हा एकदा बदला, कारण पाण्याचा अंश मागे राहतो. रेडिएटरमध्ये बोअरचे क्षारी पाणी घालू नका, कूलंट घाला. फॅनबेल्टही नवा टाका. दुखण्याचे मूळ तेच होते.

चार-पाचशे किलोमीटरनंतर इंजिन गार असताना नट पुन्हा मापाला लावून फटी तपासाव्या लागतात. मेहुण्यांच्या गाडीच्या दवाखान्याच्या सहा खेपा, म्हणजे 420 किलोमीटर, या शुक्रवारी पुऱ्या झाल्या. पट्टीवरचे ऑइल स्वच्छ आहे. रविवारी टॉर्क पाना घेऊन मी तिकडेच जातो आहे.