कॅमेरा, फूल आणि बी

ऑगस्ट सरत आला की साताऱ्याच्या पश्चिमेला, सुमारे 25 किलोमीटरवर, कासचे पठार रंगू लागते. पुढचे काही आठवडे तिथे जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या हातात कॅमेरा असतो. पूर्वी तो मोजक्या हौशी मंडळींकडे असे. मोबाइल आल्यापासून सगळ्यांकडेच आहे. या कॅमेऱ्यांमुळेच पठार तुडवले जाते, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. या कॅमेऱ्यांमुळेच तर पठाराची किंमत लोकांना कळली, असे म्हणणारेही आहेत.

आधी आनंदाची बाजू पाहू, कारण ती हलकी नाही. सीतेची आसवे हे फूल नखाएवढे. उभ्याने पाहिले तर नुसता निळसर-जांभळा गालिचा दिसतो. फोटो काढायचा तर गुडघे टेकून खाली वाकावे लागते आणि तेव्हा एकेका फुलाचा ओठ, त्यावरची पांढरी खूण दिसू लागते. मग हे झाड जमिनीखाली बारीक पिशव्या बाळगते आणि त्यात सूक्ष्म जीव पकडून खाते, हे कळल्यावर पाहणारा थक्क होतो. दवबिंदू या वनस्पतीच्या पानांवरचे चिकट थेंब आणि त्यात अडकलेले चिलट अनेकांना पहिल्यांदा दिसते ते घरी येऊन फोटो मोठा केल्यावरच. कंदीलपुष्पाच्या नळीत माशी उतरते, आतले केस तिला परत फिरू देत नाहीत, केस कोमेजले की ती परागकण घेऊन सुटते. हे समजून घेऊन जो त्या फुलापुढे कॅमेरा लावून थांबतो, त्याचा आनंद उथळ कसा म्हणावा?

कॅमेरा मध्ये आला की पाहणे संपते, हा आक्षेप जुना आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी संग्रहालयात फिरणाऱ्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या वस्तूंचे फोटो काढले त्या विद्यार्थ्यांना कमी आठवल्या, नुसत्या पाहिलेल्या अधिक. पण त्याच प्रयोगात, वस्तूच्या एखाद्या भागावर कॅमेरा जवळ नेऊन फोटो घेतला तेव्हा आठवण टिकून राहिली. क्रिस्टिन डील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये मांडले की फोटो काढणारा अनुभवात अधिक गुंततो, म्हणून त्याला आनंदही अधिक होतो. फुलांच्या बाबतीत मला हे पटते. चालता चालता बोट दाबून पुढे जाणारा आणि एका गेंदाच्या फुलापाशी वारा पडण्याची वाट पाहणारा, या दोघांना एका मापाने मोजता येत नाही.

फोटोचा दुसरा उपयोग याहून मोठा आहे. जांभ्याचे सडे आणि पठारे वर्षातले सात-आठ महिने काळीठिक्कर, उजाड दिसतात. सरकारी कागदांत आणि लोकांच्या बोलण्यातही अशी जमीन पडीक ठरते. मग तिथे खाण निघते, रस्ता जातो, चाळकेवाडीसारख्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहतात. पवनचक्क्या नकोत असे माझे म्हणणे नाही. पण तिथे काय फुलते हे ठरवणाऱ्यांना ठाऊक तरी असावे. कासवर सपुष्प वनस्पतींच्या सुमारे 850 जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि 2012 मध्ये पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर कासही जागतिक वारसा यादीत आले. वनस्पतिशास्त्रज्ञांच्या कामाबरोबर सामान्य माणसाला हे वैभव दाखवले ते छायाचित्रांनी. श्रीकांत इंगळहळीकर यांचे ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ हाती धरून कितीतरी जण डोंगरात फुले ओळखायला शिकले. तारीख आणि परिसर नोंदवलेला साधा मोबाइलचा फोटोसुद्धा पुढे अभ्यासाला उपयोगी पडतो. सात वर्षांनी फुलणाऱ्या टोपली कारवीसारख्या झाडाच्या बाबतीत तर अशा नोंदी मोलाच्या.

आता दुसरी बाजू. या पठारावर खडकावर मातीचा थर किती? काही ठिकाणी जेमतेम बोटभर. त्यावर उगवणारी बरीचशी झाडे एका पावसाळ्याची सोबती: उगवायचे, फुलायचे, बी टाकून मरायचे. म्हणजे फूल सर्वांत देखणे असते तो क्षण नेमका बी धरण्याच्या आधीचा असतो. त्याच क्षणी सर्वाधिक पावले तिथे पोचतात. चिरडलेले फूल बी देत नाही आणि दाबून घट्ट झालेल्या मातीत पुढच्या वर्षी रोप धड मूळ धरत नाही. नुकसान त्याच दिवशी दिसत नाही, म्हणून कोणाला अपराधी वाटत नाही. फुलांत बसून फोटो काढणाऱ्यांना आपण सहज नावे ठेवतो. पण महागडी लेन्स घेऊन तेरड्याच्या ताटव्यात आडवा पडणारा जाणकार त्यांच्याइतकीच जागा दाबतो. पार्श्वभूमी स्वच्छ हवी म्हणून आमरीच्या आजूबाजूचे गवत आणि काड्या मोडून टाकणारेही असतात. त्यांना तर अजाणतेपणाचीही सबब नाही.

इथे एक प्रश्न रास्त आहे. पिढ्यान्पिढ्या कासवर गावांची गुरे चरली, त्यांच्या खुरांनी पठार मेले नाही. मग माणसांच्या पायांचा एवढा बाऊ का? उलट कुंपण घालून चराई थांबली तेव्हा गवत माजले आणि फुले कमी झाली, असे काही अभ्यासकांचे आणि गावकऱ्यांचेही म्हणणे होते. त्यात तथ्य आहे असे मी मानतो. पण गुरे पांगून चरतात, वाढलेले गवत खातात, शेण टाकतात. माणसे मात्र काही आठवड्यांत, तेही शनिवार-रविवारी, रस्त्यालगतच्या त्याच ताटव्यांवर दाटी करतात.

दिवसाला 3000 लोकांची मर्यादा, आगाऊ नोंदणी आणि प्रवेशशुल्क या व्यवस्थेवर पर्यटक कुरकुरतात. माझ्या मते ती योग्य आहे. परिसरातील गावांच्या समितीला यातून रोजगार मिळतो आणि पठार राखण्यात गावाचे हित राहते, हे तिचे मोठे बळ. पण संख्येवर मर्यादा पुरेशी नाही. पाय कुठे पडतात तेही ठरवायला हवे. आखलेल्या वाटा सोडून कोणीही, ओळखपत्र गळ्यात असलेल्या छायाचित्रकारानेही, आत जाऊ नये. लांबून टिपता येत नाही असा फोटो त्या दिवशी सोडून द्यावा. कॅमेऱ्यांवर सरसकट बंदी मात्र चुकीची ठरेल. तिने पायांची संख्या फारशी घटणार नाही आणि वाकून पाहण्याची सवय तेवढी जाईल.

फुलांचे फोटो काढणाऱ्यांना माझी विनंती आहे. कंदीलपुष्प किंवा दुर्मिळ आमरी सापडली तर फोटोबरोबर नेमके ठिकाण जाहीर करू नका. तालुका आणि तारीख पुरे, नेमकी जागा अभ्यासकांना कळवा. आणि हा छंद कासपुरता ठेवू नका. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, आघाडा आपल्या गावाच्या बांधावर, शहरातल्या मोकळ्या भूखंडावरही फुलतात. त्यांच्यापुढेही गुडघे टेका. तिथे प्रवेशशुल्क नाही आणि त्यांचे फोटो अजून फार थोड्यांनी काढले आहेत.