कीबोर्डचा गोंगाट आणि अभंगाचे शब्द

गोव्यात देवळातलं भजन असो की जत्रेतलं संगीत नाटक, आता बऱ्याच ठिकाणी पेटीच्या जोडीला कीबोर्ड दिसतो. काही जुन्या रसिकांना तो मुळीच खपत नाही. मला त्यांचं म्हणणं पटत नाही. पेटी तरी कुठे आपली होती? १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली, ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. आज पेटीशिवाय भजनाची कल्पना करवते का?

माझी तक्रार वेगळी आहे. कीबोर्ड रंगात आला की अभंगाचे शब्दच ऐकू येत नाहीत. हा दोष वाद्याचा नव्हे. त्यातल्या इक्वलायझरकडे कुणी नीट बघत नाही, त्याचा आहे.

सगळा आवाज लहानमोठा करणं हे व्हॉल्यूमचं काम. इक्वलायझर त्याच आवाजाचे खालपासून वरपर्यंत पट्टे पाडतो आणि हवा तो पट्टा तेवढाच कमीजास्त करू देतो. साधारण १०० हर्ट्झच्या आसपास पखवाजाची धूम असते. २०० ते ५०० मध्ये आवाजाला भरीवपणा येतो, पण तिथे गर्दी झाली की नुसता घुमारा उरतो. २००० ते ४००० हा पट्टा सर्वांत मोलाचा, कारण गाणाऱ्याने ‘क’ म्हटलं की ‘त’, हे कानाला मुख्यतः तिथेच कळतं. त्याच्याही वर झांजेची किणकिण.

आपल्याकडे होतं काय, तर वादक बास आणि ट्रेबल दोन्ही चढवून ठेवतो. घरी, वाद्याच्या अंगच्या लहानशा स्पीकरवर ते झकास वाटतं. तोच आवाज सभामंडपातल्या मोठ्या स्पीकरवर गेला की खाली पखवाज बुडतो आणि वर बुवांचे शब्द. भर म्हणून फरशी आणि भिंती आवाज परत फेकतात. मग बुवांचा माईक वाढवायचा, त्यावर पुन्हा कीबोर्ड वाढवायचा! ३ डेसिबल वाढवायला अँप्लिफायरला दुप्पट ताकद लागते. कमी करायला काहीच लागत नाही.

म्हणून साथीच्या कीबोर्डवर इक्वलायझर चढवण्यापेक्षा उतरवण्यासाठी वापरावा, असं माझं ठाम मत आहे. खालचा पट्टा उतरवला की पखवाजाला जागा मिळते. २००० ते ४००० मध्ये तीन-चार डेसिबल कमी केले की शब्द मोकळे होतात. साध्या वाद्यात पट्टे नसतात, तयार साचे असतात. तिथे झगझगीत साचा सोडून सौम्य निवडावा.

‘साऊंडवाला बघून घेईल’ हे उत्तर मी अनेकदा ऐकलंय. पण पुढच्या कडव्याला बासरी लागणार की व्हायोलिनचा ताफा, हे त्याला कुठून कळणार? ते वादकालाच ठाऊक. आणि डावा हात सतत खर्जात दाबून धरला असेल, तर कुठलाच इक्वलायझर मदतीला येणार नाही.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० नंतर ध्वनिक्षेपकावर बंधन आणलं, म्हणून आपण कुरकुरतो. पण आवाज चढवण्यावाचून आपलं काही अडत होतं का? आपल्या गोव्यात कित्येकांच्या कानी मराठी पडते ती अभंगातून आणि नाट्यपदांतूनच. ती नीट ऐकू यायला हवी. मंडळांनी एवढंच करावं: कार्यक्रमाआधी एकाला शेवटच्या रांगेत बसवावं आणि शब्द कळतात का ते विचारावं. तो ‘नाही’ म्हणाला, तर आधी कीबोर्ड उतरवावा.