बडोद्याचे हार आणि आपली क्रियापदे

पदव्युत्तर वर्गाला चरित्र हा वाङ्मयप्रकार शिकवताना आम्ही दोघे सहाध्यापक एक लहानसा उपक्रम करतो. एखादे चित्र किंवा छायाचित्र विद्यार्थ्यांपुढे ठेवायचे आणि त्या व्यक्तीविषयी दहा-बारा वाक्ये लिहायला सांगायची. चरित्रकाराची दृष्टी माहितीच्याही आधी भाषेत कशी उतरते, हे त्यातून दाखवता येते. यंदा आम्ही बडोद्याच्या राजघराण्यातील दोन प्रतिमा निवडल्या. एक राजा रविवर्म्याने रंगवलेली तरुण सयाजीराव गायकवाडांची, रत्नालंकारांसह. दुसरी महाराणी सीतादेवींची, १९४८ मधली. गळ्यात तीन पदरी हिऱ्यांचा प्रचंड हार, आणि त्याच्या तळाशी ‘स्टार ऑफ द साउथ’ व ‘इंग्लिश ड्रेस्डेन’ हे दोन जगप्रसिद्ध हिरे.

वह्या तपासायला घेतल्या तेव्हा आम्ही प्रथम हसलो आणि मग गप्प झालो. महाराजांनी अलंकार ‘धारण केले’ होते, ‘परिधान केले’ होते. ते त्यांना ‘शोभत’ होते. त्यांतून ‘राजवैभव प्रकट होत’ होते. महाराणी मात्र हार ‘मिरवत’ होती, दागिन्यांनी ‘मढली’ होती, तिला ‘हौस’ होती, ‘हव्यास’ होता. एका वहीत ‘नटवी’ हाही शब्द होता. (‘नटवी’चे पुल्लिंगी रूप कोशात शोधून सापडेल, बोलण्यात कोणी वापरल्याचे आम्हांला तरी आठवत नाही.) आणखी एक गोष्ट. महाराजांसाठी सर्वत्र आदरार्थी बहुवचन होते, महाराणीसाठी बहुतेकांनी एकवचन वापरले होते. हे कोणी ठरवून केलेले नव्हते. वर्गात मुलीच अधिक आहेत, आणि वह्याही बहुतेक त्यांच्याच.

विद्यार्थ्यांना दोष देण्याचा हेतू नाही. सीतादेवींविषयी आजवर छापून आलेला मजकूर वाचला तर तोही याच क्रियापदांवर चालतो. मद्रास इलाख्यातील पिठापुरमच्या राजाची ही कन्या. वुय्युरूच्या जमीनदारांशी विवाह झालेला. १९४३ मध्ये मद्रासच्या घोड्यांच्या शर्यतींत प्रतापसिंह गायकवाडांची गाठ पडली. पहिला विवाह मोडण्यासाठी तिने इस्लाम स्वीकारला, मग पुन्हा हिंदू होऊन आर्यसमाजी पद्धतीने महाराजांशी विवाह केला. महाराजांची पहिली पत्नी शांतादेवी हयात होती, आणि बडोदे संस्थानात द्विभार्याप्रतिबंधक कायदा होता. राजाला तो लागू नाही, असा खुलासा त्यावर करण्यात आला. पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी तिला ‘भारताची वॉलिस सिम्पसन’ म्हटले. पुढे तिने मोनॅकोत बिऱ्हाड केले आणि बडोद्याच्या जामदारखान्यातील कितीतरी मौल्यवान वस्तू तिच्याबरोबर देशाबाहेर गेल्या. कादंबरीकाराला मोह पडावा असेच हे आयुष्य आहे. पण तिच्यावरचा जवळजवळ प्रत्येक लेख गळ्यातल्या हारापासून सुरू होतो आणि हारापाशीच संपतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

इथे एक आक्षेप अपेक्षित आहे आणि तो रास्त आहे. या वस्तू तिच्या खाजगी नव्हत्या. त्या बडोद्याच्या खजिन्याच्या, म्हणजे अखेर रयतेच्या पैशाच्या होत्या. बडोद्याच्या प्रसिद्ध सात पदरी मोत्यांच्या हारातील निवडक अडुसष्ट मोत्यांचा दोन पदरी हार २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ७१ लाख डॉलरला गेला. बसराई मोत्यांनी विणलेला गालिचा तिच्यापाशी मोनॅकोत होता. तो २००९ मध्ये दोह्याच्या लिलावात सुमारे ५५ लाख डॉलरला विकला गेला आणि आता कतारच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्यातले काहीच बडोद्यात राहिले नाही, याचे दुःख आम्हांलाही आहे. सीतादेवींची वकिली करण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. आमची तक्रार अशी की ‘हा पैसा कोणाचा?’ हा खरा प्रश्न ‘ही बाई किती हौशी!’ या उद्गाराखाली गाडला जातो. हौसेवर बोट ठेवले की तिजोरीचा हिशेब मागायची गरज उरत नाही.

हिशेब मागायचाच तर तो खंडेरावांपासून मागावा लागेल. १८५६ ते १८७० या काळात बडोद्याच्या गादीवर असलेले खंडेराव गायकवाड हे या रत्नसंग्रहाचे मोठे शिल्पकार. सात पदरी मोत्यांचा हार त्यांच्या काळचा. मोत्यांचा गालिचा त्यांनीच करवून घेतला, मदिनेला अर्पण करण्याच्या संकल्पाने; १८७० मध्ये त्यांचा मृत्यू झाला आणि गालिचा बडोद्यातच राहिला. ‘स्टार ऑफ द साउथ’ त्यांनीच घेतला, किंमत ऐंशी हजार पौंड सांगितली जाते. १२८ कॅरेटचा हा हिरा ब्राझीलच्या मिनास जेराईस भागात १८५३ मध्ये सापडला. तो सापडला एका गुलाम स्त्रीला. त्याबद्दल तिला गुलामगिरीतून मुक्तता आणि तहहयात वेतन मिळाले असे म्हणतात. हिऱ्याचे वजन, त्याला पैलू पाडणारे अॅमस्टरडॅमचे कारागीर, तो लंडन-पॅरिसच्या कोणत्या प्रदर्शनांत मांडला गेला, या सगळ्याच्या नोंदी आहेत. त्या स्त्रीचे नाव मात्र हिऱ्याच्या प्रचलित हकिकतींत येत नाही.

या खरेदीला कोणी खंडेरावांचा ‘हव्यास’ म्हटल्याचे आमच्या वाचनात फारसे नाही. म्हटले जाते ते ‘रत्नपारखी’, ‘शौकीन’, ‘दिलदार’. ‘शौकीन’ आणि ‘हौशी’ यांच्या अर्थांत अंतर थोडे, पण एका शब्दाबरोबर कौतुक येते आणि दुसऱ्याबरोबर नाक मुरडणे. अलंकारांची आपली मराठी शब्दसंपत्तीसुद्धा तपासून पाहावी. कंठा, शिरपेच, तुरा, चौकडा, भिकबाळी हे पुरुषांचे दागिने. बखरींत आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांत ते येतात तेव्हा बहुधा दरबाराबरोबर, मानपानाबरोबर, खिलतीबरोबर येतात. तन्मणी, चिंचपेटी, चंद्रहार, लफ्फा हे येतात ते आरशाबरोबर. राजाच्या गळ्यातला कंठा राज्याचा, आणि राणीच्या गळ्यातला हार तिचा स्वतःचा, असे आपण गृहीतच धरलेले असते. बडोद्यात तर दोघांचे दागिने एकाच जामदारखान्यातून निघत.

राजाने दागिने घातले नाहीत तरी त्याला अर्थ असतो. १२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात सयाजीराव पंचम जॉर्जपुढे गेले ते साध्या पांढऱ्या पोशाखात, रत्नालंकार न घालता, हातात काठी घेऊन. आणि रिवाजाप्रमाणे पाठ न दाखवता मागे सरकत येण्याऐवजी वळून चालू लागले. इंग्रजी वृत्तपत्रांनी गहजब केला. आपल्याकडे तो प्रसंग आजही अभिमानाने सांगितला जातो, आणि आम्हीही वर्गात सांगतो. म्हणजे महाराजांच्या गळ्यातला हार हे राजकीय विधान, आणि हार नसणे हे त्याहून मोठे राजकीय विधान.

मग १९४८ मधले सीतादेवींचे छायाचित्र याच दृष्टीने का वाचू नये? ज्या स्त्रीला ब्रिटिश सरकारने ‘हर हायनेस’ हा किताब द्यायचे नाकारले, जिचा विवाह अनेकांच्या लेखी वादग्रस्त होता, जी बडोद्याची ना जन्माने ना भाषेने, ती बडोद्याचे सर्वांत ओळखीचे हिरे गळ्यात घालून महाराजांच्या वाढदिवसाच्या सोहळ्यात कॅमेऱ्यासमोर येते. ते वर्ष संस्थानांच्या अखेरीचे. १ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले. किताबाचा कागद मिळाला नाही, तेव्हा तिने हार पुढे केला. हा आमचा तर्क आहे, आणि तो चुकीचा असू शकतो. पण सयाजीरावांच्या साधेपणावर आपण इतका अर्थ चढवतो, तर या झगमगाटावर थोडासा तरी चढवून पाहायला हरकत नसावी. अर्थ चढवला म्हणजे क्षमा केली असे होत नाही.

सीतादेवींविषयीचा सर्वांत लोकप्रिय किस्सा पैंजणांचा आहे. १९५० च्या दशकात तिने आपले पाचू-हिऱ्यांचे पैंजण न्यूयॉर्कचे जवाहिरे हॅरी विन्स्टन यांना विकले. विन्स्टन यांनी त्यातील रत्नांचा हार घडवला आणि तो डचेस ऑफ विंडसर झालेल्या खऱ्याखुऱ्या वॉलिस सिम्पसनच्या गळ्यात गेला. १९५७ मध्ये एका समारंभात दोघी समोरासमोर आल्या. हाराची वाहवा चाललेली पाहून सीतादेवी म्हणाली, हे माझ्या पायांतही असेच छान दिसायचे. पुढे डचेसने हार परत केला, असेही सांगतात. इंग्रजीत हा किस्सा दोन धनिक बायकांच्या असूयेची गंमत म्हणून येतो. मराठी वाचकाला त्यातला खरा डंख लगेच कळेल. आपल्याकडे सोनेसुद्धा पायांत घालत नाहीत. तो मान राजघराण्याचा. पायांतले गळ्यात घालणे म्हणजे काय, हे न्यूयॉर्कच्या पाहुण्यांना अर्धेच कळले असणार. गंमत अशी की या किस्स्यात दोन्ही बायकांना नावे ठेवली जातात. एकीकडून रत्ने घेऊन दुसरीला विकणाऱ्या व्यापाऱ्याच्या चातुर्याविषयी मात्र सारे मिटक्या मारत बोलतात.

न्यायासाठी एवढे नोंदवले पाहिजे की सरकारदरबारी दोष प्रतापसिंहांच्याच नावे लागला. १९५१ मध्ये भारत सरकारने त्यांची मान्यता काढून घेऊन फत्तेसिंहरावांना महाराज मानले. दप्तराने राजाला जबाबदार धरले, लोकस्मृतीने राणीला. तुमच्याआमच्या कानांवर आलेली हकिकत दप्तरातली नव्हे.

आता जरा अवघड जागी येतो. मराठीच्या अध्यापकांना बडोदे म्हटले की सयाजीराव आठवतात: सक्तीचे प्राथमिक शिक्षण, ग्रंथालये, ग्रंथमाला, साहित्य संमेलने, डॉ. आंबेडकरांना दिलेली शिष्यवृत्ती. हे ऋण खरे आहे आणि ते आम्ही मानतो. पण साठाहून अधिक वर्षांच्या त्यांच्या कारकिर्दीत हाच रत्नसंग्रह नजरबाग राजवाड्यात सुखरूप होता आणि पाहुण्यांना कौतुकाने दाखवला जात होता. सयाजीराव म्हणजे आमच्या विषयाचे दैवत, म्हणून हा प्रश्न आम्ही आजवर वर्गात काढला नाही. सीतादेवींवर राग काढणे सोपे होते. तिने मराठीसाठी काहीच केलेले नाही.

या लेखाच्या शेवटापर्यंत आमच्या दोघांतच एकमत झालेले नाही. आमच्यापैकी एकीचे म्हणणे असे की क्रियापदांचा अन्याय मान्य करूनही एक फरक उरतोच. खंडेरावांनी रत्ने बडोद्यात आणली, सीतादेवींनी बाहेर नेली, आणि लोकांचा राग त्या दिशेचा आहे, स्त्री-पुरुषाचा नाही. दुसऱ्याचे म्हणणे, आणली ती कोणाच्या सारावसुलीतून, हे विचारले की दिशेचा फरक बराच फिका पडतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने पैसा गेला तो खरेदीच्याच दिवशी. यावर आमचे स्टाफरूममध्ये दोन चहा झाले.

वह्या परत देताना आम्ही फक्त क्रियापदांखाली रेघा मारल्या, गुण कापले नाहीत. ‘नटवी’ लिहिणारी विद्यार्थिनी तासानंतर आली आणि म्हणाली, “मॅडम, मला तो शब्द बदलायचा नाही, पण मग सरांनी दाखवलेल्या त्या चित्रालाही तसलाच एखादा शब्द द्या.” आम्हांला चटकन सुचला नाही. पुढच्या आठवड्यासाठी फळ्यावर विषय लिहून दिला आहे: ‘खंडेरावांची खरेदी’. वह्या अजून यायच्या आहेत.