कोरड्या खड्यातील पाणी

हाताला ओल लागली नाही की ती वस्तू कोरडी, असे आपण धरून चालतो. मोरचुदाचा निळा खडा हा समज खोटा ठरवतो. 100 ग्रॅम मोरचुदात 36 ग्रॅम पाणीच असते.

तिवसा, मोर्शी, वरूडकडे संत्र्याच्या बागेत राबणाऱ्यांना मोरचूद नवा नाही. झाडाच्या बुंध्याला लावायच्या बोर्डो मलमात 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना आणि 10 लिटर पाणी असते. हाच खडा शाळेत परीक्षानळीत तापवला की निळा रंग जातो, नळीच्या वरच्या थंड भागावर थेंब जमतात आणि खाली पांढरी भुकटी उरते. तिच्यावर पाणी टाका, पुन्हा निळी! यात कुणा बाबाचा चमत्कार नाही. मोरचुदाच्या प्रत्येक रेणूसोबत पाण्याचे 5 रेणू बांधलेले असतात. त्यालाच स्फटिकजल म्हणतात. उष्णतेने ते सुटते.

मोरचूद विषारी आहे, म्हणून हा प्रयोग शाळेत, गुरुजींसमोरच करावा. घरी मोठ्या माणसाने तुरटीचा लहानसा खडा जुन्या तव्यावर मंद आचेवर ठेवून दाखवावा. खडा वितळतो, बुडबुडतो, फुगतो आणि त्याची लाही होते. सगळे पाणी गेले तर 100 ग्रॅमचे 54 ग्रॅमच उरतात.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. आम्हाला यात हिशेब दिसतो. संत्र्याला जस्त कमी पडले की झिंक सल्फेट देतात. ते दोन प्रकारचे मिळते. एकात रेणूमागे पाण्याचे 7 रेणू, दुसऱ्यात 1. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे पहिल्यात किमान 21 टक्के जस्त हवे, दुसऱ्यात 33 टक्के. म्हणजे दुसऱ्याचे 7 किलो आणि पहिल्याचे 11 किलो यांत जस्त सारखेच! पहिल्याच्या 100 किलोत जवळजवळ 44 किलो पाणी असते. ही काही भेसळ नव्हे, त्या क्षाराची घडणच तशी आहे. पण बटईने बाग करणाऱ्या आपल्या माणसाने नुसता किलोचा भाव पाहिला, तर स्वस्त दिसणारे महाग पडू शकते. किलोच्या भावाला जस्ताच्या टक्क्याने भागावे, मग खरा भाव कळतो.

आपल्या मुला-मुलींनी स्फटिकजलाची व्याख्या पाठ केली असेलच. आता बाबांबरोबर कृषी केंद्रात जावे आणि पैसे देण्याआधी पिशवीवरचा टक्का त्यांना वाचून दाखवावा.